क्वीन्सलंडमधील भेक : भक्षक आणि भक्ष्य

१

एखादा प्राणी एका देशातून दुसऱ्या देशात मुद्दाम नेऊन सोडला जातो, तेव्हा ती घटना केवळ प्राणिशास्त्राची राहत नाही. ती इतिहासाचीही होते. तो कोणी नेला, कोणत्या समजुतीने नेला, त्या समजुतीला आधार कोणता होता, आणि तो आधार तपासून पाहण्याची संधी असताना ती का घेतली गेली नाही, हे सर्व प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचे आहेत. १९३५ साली हवाई बेटांतून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात आणलेला मोठा भेक हे अशा घटनेचे सर्वांत परिचित उदाहरण होय. या प्रकरणाचा उल्लेख मानवी अविचाराचा नमुना म्हणून पुष्कळदा केला जातो. परंतु अविचार हे ऐतिहासिक स्पष्टीकरण नव्हे. ज्यांनी हा प्राणी आणला ते आपल्या विषयातील जाणते लोक होते, त्यांच्यापुढे छापील शोधनिबंध होता, आणि त्यांच्या निर्णयाला विरोध करणारा एक अनुभवी कीटकशास्त्रज्ञही त्या काळी हयात होता. असे असता चूक कोठे झाली?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे जे उत्तर सुचविले आहे ते थोडक्यात असे : आयातीचे समर्थक आणि विरोधक या दोघांनीही मुख्यतः एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे ‘भेक काय खातो?’ ‘भेकाला कोण खातो, आणि खाल्ल्यावर त्या खाणाऱ्याचे काय होते?’ हा दुसरा प्रश्न त्या वादात जवळजवळ उपस्थितच झाला नाही. पुढील नव्वद वर्षांत जे नुकसान झाले त्याचा मोठा भाग या न विचारलेल्या प्रश्नाच्या पोटात दडलेला होता.

२

प्रथम प्रत्यक्ष प्राण्याविषयी आवश्यक तेवढे सांगितले पाहिजे. बेडूक आणि भेक यांत आपल्या नित्याच्या बोलण्यात भेद केला जात नाही. तथापि शास्त्रदृष्ट्या भेकांचे कुल निराळे आहे. त्यांची त्वचा कोरडी व गाठाळ असते, पाय आखूड असतात, आणि डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंस फुगीर विषग्रंथी असतात. लिनीअसने १७५८ मध्ये ज्याचे वर्णन केले तो ‘ब्यूफो मरीनस’, हल्लीच्या नामकरणानुसार ‘राइनेला मरीना’, हा या कुलातील थोराड जातींपैकी एक होय. टेक्ससच्या दक्षिण टोकापासून मध्य अमेरिकेतून ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत त्याचे मूळ वसतिस्थान आहे. तोंडात मावेल आणि हालचाल करील ते सर्व तो गिळतो : भुंगेरे, मुंग्या, वाळवी, गोगलगायी, प्रसंगी लहान बेडूक आणि उंदराची पिलेही. मादी एका वेळी ८,००० ते ३५,००० अंडी घालते.

हा झाला भक्षक भेक. भक्ष्य म्हणून त्याचे संरक्षण विषावर अवलंबून आहे. अंडी, भैरी आणि प्रौढ या तिन्ही अवस्थांत ते असते, जरी त्याची तीव्रता सर्व अवस्थांत सारखी नसते. या विषातील प्रमुख द्रव्ये शरीरपेशींतील सोडियम व पोटॅशियम यांची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्रणेला रोखतात, आणि त्याचा पहिला आघात हृदयावर होतो. भेकाच्या मूळ प्रदेशातील कित्येक साप व केमन जातीच्या मगरी त्याला खाऊन पचवतात. दीर्घ काळाच्या सहवासाने भक्षकाला विष सोसण्याची शक्ती येते, किंवा ते टाळण्याची उपजत बुद्धी तरी येते. पण जेथे भेकाचे कुल कधी पोहोचलेच नाही तेथे या दोहोंपैकी काहीच असण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलिया हे असे खंड होते. तेथे देशी बेडूक विपुल होते. देशी भेक एकही नव्हता.

३

भेकाच्या प्रवासाचा मार्ग हा उसाचा मार्ग आहे. वेस्ट इंडीजमधील मळेवाल्यांनी उंदरांच्या आणि किडींच्या उपद्रवावर परक्या प्राण्यांचा उतारा शोधण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकातच पाडली होती. १८४४ मध्ये जमेकात भेक आणला गेला तो उंदरांच्या बंदोबस्तासाठी. तो उपाय अपुरा पडल्यावर १८७२ मध्ये त्याच बेटावर कलकत्त्याहून नऊ मुंगूस नेण्यात आले, आणि पुढे जमेकातील मुंगसांची संतती १८८३ मध्ये हवाईतील मळ्यांत पोहोचली. आपल्याकडील साळुंकीलाही याच कामावर धाडले गेले : हवाईत १८६५ मध्ये अळ्यांसाठी, आणि १८८३ च्या सुमारास उत्तर क्वीन्सलंडच्या उसात भुंगेऱ्यांसाठी. तात्पर्य, १९३५ मधील आयात हा एका व्यक्तीचा लहरी प्रयोग नव्हता. एक उपाय फसला की त्याच जातीचा दुसरा उपाय शोधावयाचा, ही साखरधंद्याची रुळलेली रीत होती.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भेक पोर्तो रिको बेटावर नेला गेला. तेथील उसाच्या मुळांवर पडणाऱ्या पांढऱ्या अळ्यांचा उपद्रव पुढील काळात पुष्कळच कमी झाला. १९३२ साली त्याच बेटावर भरलेल्या ऊसतंत्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत राकेल डेक्स्टर यांनी आपला निबंध मांडला. त्यांनी ३०१ भेकांच्या जठरांतील अन्नाची तपासणी केली होती, आणि त्या अन्नात ५१ टक्के वाटा पिकास अपायकारक अशा कीटकांचा असल्याचे दाखविले होते. निबंधाचा प्रभाव तत्काळ पडला. हवाईच्या मळेवाल्यांच्या संघटनेचे कीटकशास्त्रज्ञ सिरिल पेम्बर्टन यांनी त्याच वर्षी सुमारे दीडशे भेक हवाईत नेले. दोनच वर्षांत तेथे वाटलेल्या भेकांची संख्या लाखाच्या घरात गेली. क्वीन्सलंडच्या ऊस संशोधन केंद्रांच्या कार्यालयाचे आर्थर बेल हेही त्या परिषदेस उपस्थित होते.

डेक्स्टर यांच्या निरीक्षणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यावयाची ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षाविषयी. जठरातील अन्नावरून प्राण्याने काय खाल्ले हे कळते. जे खाल्ले त्याची एकूण संख्या त्यामुळे घटली की नाही, हे कळत नाही. ज्या वर्षांत पोर्तो रिकोतील अळ्या कमी झाल्या ती वर्षे तेथे असाधारण पावसाची होती, हे पुढील काळात जुन्या नोंदी पाहिल्यावर ध्यानात आले. दोन गोष्टी एका काळी घडल्या एवढ्यावरून एकीला दुसरीचे कारण ठरविणे हा दोष आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकविला जातो. येथे मात्र त्याच दोषावर दोन महासागर ओलांडले गेले.

४

क्वीन्सलंडची अडचण खरी होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आपल्याकडील ऊसकऱ्याला जी हुमणी म्हणून ठाऊक आहे, तिच्याच जातकुळीची अळी तेथील मुळे खात होती. तिचा प्रौढ म्हणजे करड्या पाठीचा भुंगेरा. सरकारी पैसा भुंगेरे वेचण्यावर खर्च होत होता, जमिनीत विषारी वायू सोडण्याचे उपाय खर्चिक ठरत होते, आणि सबंध वसाहती उसावर जगत होत्या. त्यातच फड्या निवडुंगाचे यश लोकांच्या डोळ्यांपुढे ताजे होते. लक्षावधी एकर जमीन व्यापणारा हा निवडुंग अर्जेंटिनातून १९२५ मध्ये आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी काही वर्षांत नाहीसा केला होता. एका परक्या जीवाने राज्य वाचविले. दुसरा का वाचविणार नाही, असे लोकांना वाटले तर त्यात नवल नाही. परंतु तो पतंग निवडुंगावरच जगणारा होता, आणि भेक सर्वभक्षक होता. या दोन उपायांतील हा मूलभूत फरक त्या उत्साहात झाकला गेला.

रेजिनाल्ड मंगोमेरी हे हवाईतून १०२ भेक घेऊन जून १९३५ मध्ये गॉर्डनवेल येथे परतले. त्यांची पैदास लगेच सुरू झाली, आणि ऑगस्टमध्ये सुमारे २,४०० पिले आसपासच्या ऊसक्षेत्रात सोडण्यात आली. आणणे आणि सोडणे यांत जेमतेम दोन महिन्यांचे अंतर आहे. ऑस्ट्रेलियाच्या परिस्थितीत भेकाचा आहार काय राहील, तो करड्या भुंगेऱ्यापर्यंत पोहोचेल काय, यांचा प्रयोग करण्यास हे अंतर पुरेसे नव्हते.

विरोधाचा आवाज उठला तो न्यू साउथ वेल्सचे निवृत्त कीटकशास्त्रज्ञ वॉल्टर फ्रॉगट यांचा. भेक उपद्रवी कीटक तेवढेच निवडून खाणार नाही, जमिनीवरील सर्वच लहान जीवसृष्टी तो फस्त करील, आणि अखेरीस सशाइतकाच मोठा उपद्रव होऊन बसेल, असा इशारा त्यांनी दिला. केंद्रीय आरोग्य खात्याने १९३५ च्या अखेरीस पुढील भेक सोडण्यास मनाई केली. पण क्वीन्सलंडच्या सरकारने व साखरधंद्याने रदबदली केल्यावर १९३६ मध्ये ती उठविण्यात आली. मार्च १९३७ पर्यंत सोडलेल्या पिलांची संख्या ६२,००० वर गेली होती.

फ्रॉगट यांची दूरदृष्टी वादातीत आहे. परंतु त्यांच्या युक्तिवादाचा मुख्य भरही भेकाच्या भुकेवरच होता. मंगोमेरी म्हणत होते की भेक योग्य तेच खाईल. फ्रॉगट म्हणत होते की तो नको तेही खाईल. वाद भेकाच्या तोंडापुरता राहिला. त्याच्या पाठीवरील ग्रंथींचा विचार दोन्ही पक्षांना महत्त्वाचा वाटला नाही. भेकाचे विष त्या काळी अज्ञात होते असे मात्र नव्हे. तो शास्त्रज्ञांना सुपरिचित विषय होता. ज्ञान उपलब्ध असून ते निर्णयाच्या चौकटीत आले नाही, ही या प्रकरणातील खरी ऐतिहासिक समस्या आहे.

५

भक्षक म्हणून भेकाने आणणाऱ्यांची निराशा केली, आणि विरोधकांची भीतीही बऱ्याच अंशी खोटी ठरविली. करडा भुंगेरा जमिनीतून बाहेर येताच उडून झाडांवर जातो व तेथे पाला खातो. अळी तर मातीतच असते. भेक ना खोल उकरतो, ना झाडावर चढतो. शिवाय तोडणीनंतरच्या उघड्या शेतात दिवसा दडण्यास आडोसा नसल्यामुळे भेक शेतात टिकला नाही. तो गावात, बागांत आणि पाणवठ्यांवर गेला. उसाची सुटका झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर बेंझीन हेक्झाक्लोराईड या रासायनिक द्रव्याने, भेकाने नव्हे. ज्यासाठी भेक आणला तो हेतू दहा-पंधरा वर्षांत संपला. भेक मात्र राहिला.

तो नुसता राहिला नाही, पुढे सरकला. काकाडूच्या राष्ट्रीय उद्यानात तो २००१ मध्ये शिरला, आणि २००९ मध्ये त्याने पश्चिम ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली. त्याच्या वाटेवर जे घडले ते भक्ष्य भेकाचे कर्तृत्व होते. बेडूक समजून त्याला तोंडात धरणारा प्राणी पुष्कळदा काही मिनिटांतच मरतो. पिवळ्या ठिपक्यांच्या मोठ्या घोरपडींची संख्या कित्येक ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक घटली. व्हिक्टोरिया नदीच्या काही भागांत गोड्या पाण्यातील मगरी ७७ टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. उत्तरेकडील क्वोल हा मांजराहून लहान असा मांसाहारी शिशुधान प्राणी काकाडूच्या मोठ्या भागातून नाहीसा झाला; तो समूळ जाऊ नये म्हणून २००३ मध्ये ६४ क्वोल भेकविरहित अशा दोन बेटांवर हलवावे लागले.

भक्षक नाहीसा झाला की त्याचे भक्ष्य वाढते, हाही क्रम तेथे दिसून आला. घोरपडी कमी झाल्या तेव्हा त्यांच्या तावडीतून नदीकाठच्या कासवांची अंडी सुटली. म्हणजे भेकाने ज्याला कधी स्पर्शही केला नाही अशा जीवांचे भाग्यही त्याने बदलले.

आता कालक्रमाकडे पाहावे. देशी पृष्ठवंशीय प्राण्यांवर भेकाचा काय परिणाम होतो याचा विस्तृत आढावा जेनेट कोव्हासेविच व मायकेल आर्चर यांनी प्रसिद्ध केला तो १९७५ मध्ये. आयात आणि हा आढावा यांत ४० वर्षांचे अंतर आहे. प्रश्न न विचारण्याची किंमत अशीही असते की त्या प्रश्नाच्या नोंदीही मागे राहत नाहीत. भेक येण्यापूर्वी क्वीन्सलंडमध्ये साप व घोरपडी किती होत्या हे आज नेमके सांगता येत नाही, कारण त्या कोणी मोजल्याच नव्हत्या. उत्तर भागातील हानी आकड्यांत सांगता येते याचे कारण तेथे भेक पोहोचण्यापूर्वीच अभ्यासक पोहोचले होते.

६

तथापि ही कथा निव्वळ विनाशाची नाही. ऑस्ट्रेलियातील सर्वच भक्षक हरले नाहीत. कील्बॅक नावाचा पाणसाप भेक खाऊनही जगतो. त्याचे पूर्वज आशियातून आलेले असल्यामुळे भेकांशी त्याच्या घराण्याची ओळख जुनी आहे. कावळे आणि घारी भेकाला उलटा करून, ग्रंथी टाळून, पोटाकडून फोडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पाणउंदीर भेकाचे काळीज व हृदय तेवढे काढून खातात, असे २०१९ मध्ये नोंदले गेले. मांसाहारी मुंग्या पाणवठ्याकाठी दिवसा वावरणाऱ्या भेकाच्या पिलांना मोठ्या संख्येने मारतात. तांबड्या पोटाच्या काळ्या सापाविषयी २००४ साली बेन फिलिप्स व रिचर्ड शाइन यांनी दाखविले की, भेकांच्या प्रदेशात देहाच्या मानाने त्याचे डोके लहान होत गेले आहे. लहान तोंडात मोठा भेक मावत नाही, आणि मोठ्या भेकाबरोबर येणारे मोठे विषही पोटात जात नाही. सत्तर वर्षांत निसर्गाने केलेली ही निवड होय.

भेकही बदलला. आक्रमणाच्या आघाडीवरील भेकांचे पाय मागे राहिलेल्या भेकांपेक्षा लांब असतात, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. आरंभी वर्षाला १०-१५ किलोमीटर सरकणारी ही आघाडी पुढे ५० किलोमीटरांपर्यंत वेग घेऊ लागली. परक्या भूमीत शत्रू उरला नाही तेव्हा भेकच भेकाचा शत्रू झाला. ऑस्ट्रेलियातील भैरी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या आपल्याच जातीच्या पिलांना शोधून खातात, आणि ही प्रवृत्ती मूळ देशातील भैरींपेक्षा तेथे पुष्कळच अधिक आहे, असे २०२१ मधील संशोधन सांगते. भक्षक आणि भक्ष्य या दोन्ही भूमिका येथे एकाच जातीत एकवटल्या आहेत.

या ज्ञानाचा उपयोग करून हल्ली जो उपाय योजला जात आहे तो इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष बोधप्रद वाटेल. आघाडीवर प्रथम येतात ते मोठे, म्हणून अतिविषारी भेक. त्यांना खाणारी घोरपड शिकण्यापूर्वीच मरते. म्हणून आघाडी पोहोचण्याआधी तेथे लहान भेक सोडावयाचे, किंवा मळमळ आणणारे औषध घातलेले भेकाचे मांस क्वोलला खाऊ घालावयाचे. प्राणी आजारी पडतो, मरत नाही, आणि पुन्हा भेकाच्या वाटेस जात नाही. १९३५ साली भेक सोडले गेले ते भक्षक म्हणून. आज तेच भेक सोडले जातात ते भक्ष्य म्हणून, शिक्षकाचे काम करण्यासाठी. जो प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही त्याचे उत्तर हेच आता उपायाचे साधन झाले आहे.

७

या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. पहिला जीवशास्त्रीय. ऑस्ट्रेलियन घोरपड ही आपल्या घोरपडीची भाऊबंद आहे. तिचे पूर्वज आशियातूनच तेथे गेले. आशिया व आफ्रिकेतील घोरपडी भेकाचे विष सोसू शकतात. ऑस्ट्रेलियातील शाखेने ती शक्ती गमावली, आणि हा सारा फरक आनुवंशिक द्रव्यातील अवघ्या चार घटकांच्या बदलावर अवलंबून असल्याचे २०१३ मध्ये दाखविले गेले. आपल्या परसात पावसाळ्यात निर्धास्त बसणारा भेक आणि त्याला गिळणारी धामण यांच्यातील साधा व्यवहार हा अशा दीर्घ इतिहासाचा परिपाक आहे. तो इतिहास जेथे नाही तेथे आपलाच भेक आपत्ती ठरतो. दक्षिण व आग्नेय आशियात सर्वत्र आढळणारी हीच जात मादागास्करमधील तोआमासिना बंदराच्या परिसरात पसरल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले. ती तेथे गेली आग्नेय आशियातून, आणि या वेळी कोणी मुद्दाम नेल्याचे दिसत नाही. २०१८ मध्ये त्या बेटावरील ७७ देशी जातींची आनुवंशिक तपासणी झाली. एक कृंतक प्राणी वगळता विष सोसण्याची क्षमता दर्शविणारी जात सापडली नाही.

दुसरा संबंध पद्धतीचा आहे, आणि या पत्रिकेच्या वाचकांना तोच अधिक महत्त्वाचा वाटावा. गॉर्डनवेलचे प्रकरण पुराव्याच्या अभावामुळे बिघडले नाही. पुरावा होता, तो मोजलेला, छापलेला आणि परिषदेत मांडलेला होता. पण तो ज्या प्रश्नाचा पुरावा होता त्याहून मोठ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो स्वीकारला गेला. ३०१ जठरे उघडून पाहणाऱ्यांनी भेकाच्या आत काय आहे ते पाहिले. भेक कोणाच्या आत जाणार आहे, हे पाहावे असे कोणास सुचले नाही. साधने कितीही विश्वसनीय असली तरी ती कोणत्या प्रश्नावर बोलतात आणि कोणत्या प्रश्नावर गप्प असतात, याचा निवाडा अभ्यासकालाच करावा लागतो. तो निवाडा १९३५ च्या त्या दोन महिन्यांत झाला नाही. क्वोल आणि घोरपडी यांनी त्याची भरपाई अजून चालविली आहे.